बीटामॅक्स 'मार्केटिंगमुळे' हरलं म्हणजे नेमकं कशामुळे?

चौकस मास्तर

नमस्कार मंडळी. व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दोन तासांची एक केस तयार करतोय. विषय घरगुती व्हिडिओच्या फॉर्मॅटची भांडणं, मुख्यतः सोनीचं बीटामॅक्स आणि जेव्हीसीचं व्हीएचएस: दोन जपानी कंपन्यांच्या, एकमेकांच्या यंत्रात न चालणाऱ्या व्हिडिओ कॅसेट. प्रत्येक पुस्तकात एकच ठरीव वाक्य सापडतं: 'बीटामॅक्स तांत्रिकदृष्ट्या सरस होतं, पण व्हीएचएसचं मार्केटिंग चांगलं होतं.' मुलं मान डोलावतात आणि पान उलटतात. या वाक्यातून शिकवण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

मला हवंय ते असं:

१) मार्केटिंग म्हणजे यात काय धरायचं? जाहिरात, किंमत, वितरण, की आणखी काही?
२) 'सरस' म्हणजे किती सरस? आकड्यात सांगा.
३) पुढे डीव्हीडीनंतरच्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क आल्या, त्या ब्ल्यू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडीच्या वेळी हाच खेळ पुन्हा झाला, की वेगळा?
४) भारतातलं एखादं उदाहरण देता येईल का?

'प्रौढांच्या फिल्मांमुळे व्हीएचएस जिंकलं' हे कृपया नको. तसल्या कॅसेट बीटावरही निघत होत्या.

टेपवाला

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

बीटाची कॅसेट १५६ × ९६ × २५ मिलिमीटर, व्हीएचएसची १८७ × १०३ × २५. दोन्ही शेजारी ठेवा: जाडी तीच, पण व्हीएचएस तीन सेंटिमीटर लांब. सगळं रामायण या तीन सेंटिमीटरमध्ये आहे. खोकं मोठं, म्हणून आतल्या रिळांवर फीत जास्त मावते.

आता गुणाकार करा. १९७५ च्या पहिल्या बीटामॅक्समध्ये फीत सेकंदाला ४ सेंमी सरकायची, म्हणजे तासाला १४४ मीटर. कॅसेटमध्ये फीत साधारण १५० मीटर. तास झाला की कॅसेट संपली. जेव्हीसीचं पहिलं व्हीएचएस यंत्र एचआर-३३०० जपानमध्ये १९७६ च्या शरद ऋतूत आलं. त्यात वेग सेकंदाला ३.३३५ सेंमी, दोन तासांना २४० मीटर, आणि तेवढी फीत त्या मोठ्या खोक्यात बसत होती. जेव्हीसीच्या लोकांनी 'निदान दोन तास' ही अट आधी लिहून ठेवली आणि मग यंत्र आखलं. सोनीने कॅसेट छोटी आणि सुबक असावी हे आधी ठरवलं.

वेग जास्त असला की चित्र चांगलं, हे खरंच. पण किती? आडव्या दिशेने मोजलेल्या रेषांच्या हिशेबात (रेषा जास्त तितकं चित्र स्पष्ट) बीटा साधारण २५०, व्हीएचएस २४०. त्या काळच्या घरगुती टीव्हीवर हा फरक ओळखायला डोळ्यात तेल घालून बसावं लागलं असतं.

खरी मेख पुढे आहे. दोन तासांचा मार बसायला लागल्यावर १९७७ मध्ये सोनीने बीटाचा वेग निम्मा केला, सेकंदाला २ सेंमी. त्याच कॅसेटवर दोन तास बसले, पण ज्या वेगाच्या जोरावर 'सरस' म्हणायचं तो वेगच गेला. अमेरिकेतल्या घरांत पुढे गेलेली बहुतेक बीटा यंत्रं याच निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगावर रेकॉर्ड करणारी होती. त्यामुळे मुलांना 'कागदावर सरस, तेही पहिली दोनेक वर्षं' असं सांगा. (व्हीएचएसनेही पुढे वेग निम्मा करून चार तास दिले आणि तिथे चित्र खराबच झालं. पण त्यांनी कधी चित्राचा टेंभा मिरवला नव्हता.)

अधिक-उणे

टेपवाले, मोजमाप मान्य. आता पहिला प्रश्न.

मास्तर, फॉर्मॅटच्या भांडणात मार्केटिंग म्हटलं की जाहिरात डोळ्यांसमोर येते. माझ्या मते जाहिरात यात सगळ्यात शेवटी येते. पहिलं गिऱ्हाईक घरातला माणूस नसतोच. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे यंत्र बनवणाऱ्या इतर कंपन्या, दुसरं म्हणजे आपलं नाव लावून विकणारा, तिसरं भाड्याने देणारा. हे तिघे पटले की घरातल्या माणसाला पटवायला फार काही उरत नाही.

सोनीने १९७४ च्या अखेरीस बीटाचा नमुना मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) आणि जेव्हीसीला दाखवला, 'हाच सगळ्यांनी घ्या' म्हणून. पण तोवर सोनीने उत्पादनाचे साचेसुद्धा पाडून घेतले होते. समोरच्याने काही बदल सुचवावा अशी जागाच ठेवली नव्हती. यामागे कारण होतं: आधीच्या यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटच्या वेळी सगळ्यांचं ऐकून घेताना यंत्र अवजड झालं, असा सोनीचा समज होता. यावेळी ऐकायचंच नाही असं ठरलं. जेव्हीसीची रीत उलटी. ते आपलं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकायला बनवून देत, आणि सूचना आल्या तर घेतही. हिताची, शार्प, मित्सुबिशी, अकाई त्या गोटात गेल्या आणि शेवटी मात्सुशिताही. बीटाकडे तोशिबा, सान्यो, एनईसी होत्या, म्हणजे सोनी अगदी एकटी नव्हती. पण दुसऱ्याच्या नावाचं यंत्र आपल्या कारखान्यात बनवायला ती मनापासून तयार नव्हती.

याचं फळ अमेरिकेत दिसलं. आरसीए या तिथल्या मोठ्या टीव्ही कंपनीने बीटा नाकारलं, कारण एका तासात ना सिनेमा बसतो ना अमेरिकन फुटबॉलचा सामना. मात्सुशिताकडे त्यांनी थेट सामना मावेल एवढा वेळ मागितला. मात्सुशिताने व्हीएचएसचा वेग निम्मा करून दिला आणि ऑगस्ट १९७७ मध्ये आरसीएचं सिलेक्टाव्हिजन बाजारात आलं. त्याची जाहिरात जवळपास एवढीच होती: चार तास, हजार डॉलर, सिलेक्टाव्हिजन. सोनीला किंमत १,१०० डॉलरच्या खाली आणावी लागली.

या जाहिरातीत चित्राच्या दर्जाबद्दल चकार शब्द नाही. दोन आकडे आणि एक नाव. दुकानातला विक्रेता हे तीन सेकंदात सांगू शकतो. बीटाच्या विक्रेत्याला मात्र आधी 'आमचं चित्र बघा' म्हणून यंत्र लावून दाखवावं लागणार, आणि त्यात फरक दिसला तर दिसला.

टेपवाला

इथे मी अडतो. 'वेळ कमी पडला म्हणून बीटा हरलं' हे अमेरिकेपुरतं चालतं. पाल या टीव्ही प्रक्षेपण पद्धतीच्या देशांत (अमेरिका आणि जपानची पद्धत एनटीएससी), म्हणजे ब्रिटन, बरंचसं युरोप आणि आपल्याकडे, फितीचा वेगच वेगळा होता. पाल बीटा सेकंदाला १.८७३ सेंमी. एल-५०० कॅसेटवर २ तास १० मिनिटं, त्याहून लांब फितीच्या एल-७५० वर ३ तास १५ मिनिटं. पाल व्हीएचएस सेकंदाला २.३३९ सेंमी, ई-१८० कॅसेटवर ३ तास. म्हणजे इथे बीटा पंधरा मिनिटांनी पुढेच. बीटा महागच असायचं म्हणावं तर तेही नाही, सान्योचं बीटा यंत्र व्हीटीसी-५००० ब्रिटनमध्ये स्वस्त म्हणूनच खपत होतं. तरी व्हीएचएसच जिंकलं. मग?

अधिक-उणे

हाच प्रश्न केसच्या मधोमध ठेवा मास्तर, उत्तम आहे.

ब्रिटनमध्ये त्या काळी लोक टीव्ही विकत घेण्यापेक्षा महिन्याच्या भाड्याने घेत. नवं, महाग, लवकर बिघडणारं व्हिडिओ यंत्र तर भाड्यानेच. बिघडलं की कंपनीचा माणूस येऊन बदलून देणार. आणि भाड्याच्या दुकानांच्या मोठमोठ्या साखळ्या, रेडिओ रेंटल्स, डीईआर वगैरे, थॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या मालकीच्या. थॉर्नचाच टीव्हीचा ब्रँड फर्ग्युसन. जेव्हीसीने थॉर्नशी करार केला, १९७८ मध्ये जेव्हीसीचं यंत्र 'फर्ग्युसन व्हिडिओस्टार' नावाने आलं आणि त्या दुकानांत जाऊन बसलं. घरातल्या माणसाने फॉर्मॅट निवडलाच नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, 'व्हिडिओ पाहिजे' म्हणाला, आणि जे मिळालं ते घेऊन आला. जर्मनीत टेलिफुंकेन, फ्रान्समध्ये थॉमसन, पद्धत तीच: देशी नाव, आत जेव्हीसी.

फिलिप्स आणि ग्रुंडिगचं व्हिडिओ २००० हे तिसरं फॉर्मॅट विसरू नका. १९७९ चं. कॅसेट उलटता यायची, एका बाजूला चार तास, दोन्ही मिळून आठ. वेळेच्या मुद्द्यावर ते दोघांच्याही पुढे. पण आलं तेव्हा पंगत बसली होती. पुढे काही वर्षांत गुंडाळलं.

दुसरी पायरी सिनेमाच्या कॅसेटची. इथे हिशेब मांडूनच दाखवा. समजा एका व्हिडिओ लायब्ररीवाल्याकडे महिन्याला दहा कॅसेट घ्यायला पैसे आहेत, आणि दहापैकी सात गिऱ्हाइकांकडे व्हीएचएस. गाजलेल्या सिनेमाच्या तो तीन व्हीएचएस आणि एक बीटा घेईल. पण मध्यम चालणाऱ्या सिनेमाची तो एकच कॅसेट घेणार, आणि ती व्हीएचएस. म्हणजे बीटाची गिऱ्हाइकं तीस टक्के असली तरी कपाटातली बीटाची शीर्षकं तीस टक्क्यांच्याही खाली. पुढचा माणूस यंत्र घेण्याआधी कपाटाकडेच बघतो. घसरण इथून वेग घेते, आणि कुठलीही जाहिरात ती थांबवत नाही.

खडू-डस्टर

जाहिरात निरुपयोगी असते एवढ्यावर थांबू नका, ती उलटतेही. सोनीचीच दोन उदाहरणं.

पहिलं १९७६ चं. सोनीच्या जाहिरात संस्थेने मजकूर लिहिला: कोलंबो बघताय म्हणून आता कोजॅक चुकवायला नको, किंवा उलट. दोन्ही टीव्ही मालिका युनिव्हर्सल स्टुडिओच्या. मजकूर संमतीसाठी तिकडे गेला आणि युनिव्हर्सलच्या वरिष्ठांना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की हे यंत्र आपल्या मालाची घरबसल्या नक्कल करतं. युनिव्हर्सल आणि डिस्नेने खटला भरला. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सोनी ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकली. गंमत बघा: घरी रेकॉर्डिंग कायदेशीर ठरलं आणि फायदा मुख्यतः व्हीएचएसला झाला, कारण तोवर बाजार त्यांचा होता.

दुसरं त्यानंतर आठच दिवसांनी, जपानमध्ये. २५ जानेवारी १९८४ पासून चार दिवस सोनीने मोठ्या वृत्तपत्रांत ओळीने जाहिराती दिल्या. पहिल्या दिवशी ठळक मथळा: 'बीटामॅक्स बंद होणार का?' दुसऱ्या दिवशी: 'बीटामॅक्स घेतलं तर नुकसान होईल का?' तिसऱ्या दिवशी: 'बीटामॅक्सचं पुढे काय होणार?' आणि चौथ्या दिवशी उत्तर: बीटामॅक्स दिवसेंदिवस आणखी मजेदार होत जाणार! उत्तर 'नाही' असंच होतं, पण मथळ्यापेक्षा बारीक अक्षरात. सकाळी चहा घेता घेता पेपर चाळणारा मथळाच वाचतो. ज्याच्या मनात शंका नव्हती त्याच्याही मनात कंपनीने स्वतः पैसे खर्चून ती घातली.

वर्गात हे चार मथळे फळ्यावर लिहा, कंपनीचं नाव झाका, आणि 'पाचव्या दिवशी तुम्ही दुकानात काय विचाराल' एवढंच विचारा.

१९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्हीएचएस यंत्रं आणली. बीटाच्या कोऱ्या कॅसेट मात्र मार्च २०१६ पर्यंत जपानमध्ये मिळत होत्या.

निळाई

तिसरा प्रश्न माझ्याकडे. थोडक्यात उत्तर: बळी वेगळा, जिंकण्याची जागा तीच, म्हणजे दुकानाची फळी आणि स्टुडिओचं कपाट.

एचडी डीव्हीडी, तोशिबाचं. एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३०. ब्ल्यू-रे, सोनी आणि मंडळींचं: २५ आणि ५०. फरक डिस्कच्या रचनेतला. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिमी खोल, त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यात थोडे बदल करून ती छापता येत होती. ब्ल्यू-रेत तो थर ०.१ मिमीवर, म्हणून नवी यंत्रसामग्री हवी. साहजिकच तोशिबा आधी आली आणि स्वस्तात आली: एप्रिल २००६, ४९९ डॉलर. सॅमसंगचं पहिलं ब्ल्यू-रे यंत्र जूनमध्ये, ९९९ डॉलर. पुस्तकी नियमाप्रमाणे तोशिबा जिंकायला हवी होती.

पण त्याच नोव्हेंबरात प्लेस्टेशन ३ आलं, आत ब्ल्यू-रे. खेळ खेळायला घेतलेलं यंत्र आपोआप सिनेमाचं यंत्र झालं. एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीची जोडपेटी वेगळी घ्यावी लागे, आणखी १९९ डॉलर देऊन. वेगळं घ्यावं लागतं ते बहुतेक लोक घेत नाहीत.

मग २००७ ची खेचाखेच. जूनमध्ये ब्लॉकबस्टर या सिनेमे भाड्याने देणाऱ्या साखळीने आपल्या सुमारे १,४५० दुकानांत फक्त ब्ल्यू-रे ठेवायचं ठरवलं. टार्गेट या दुकानांच्या साखळीने दुकानात मांडायला सोनीचं यंत्र घेतलं. ऑगस्टमध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन हे स्टुडिओ फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले, आणि त्यासाठी त्यांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचा मोबदला मिळाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. २ नोव्हेंबरला वॉलमार्टने तोशिबाचं एचडी-ए२ लावलं ९८.८७ डॉलरला.

तो ९८.८७ चा बिल्ला नीट बघा. गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या नजरेने बघा. दीड वर्षात ४९९ चं यंत्र ९९ ला आलं. तुम्ही यंत्र बनवणारे असाल तर या धंद्यात उतराल का? कमवायचं काय? तोशिबाच्या गोटात यंत्र बनवणारं दुसरं मोठं नाव जवळपास नव्हतंच, आणि या किमतीनंतर येण्याची शक्यता संपली. म्हणजे बीटाच्या वेळी सोनी जास्त किंमत धरून बसली आणि सोबती गमावले, इथे तोशिबाने किंमत पाडून सोबती येऊच दिले नाहीत.

शेवट सहा आठवड्यांत. ४ जानेवारी २००८, लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर, वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने 'फक्त ब्ल्यू-रे' जाहीर केलं. एचडी डीव्हीडीवाल्यांनी प्रदर्शनातली आपली पत्रकार परिषद रद्द केली. तोशिबाने आणखी किंमत कमी केली, फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरातही दिली. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स (तेव्हा टपालाने डिस्क भाड्याने देणारं), १५ ला वॉलमार्ट सोडून गेले. १९ ला तोशिबाने माघार जाहीर केली.

चौकस मास्तर

भरपूर मिळालं, आभार. चौथा प्रश्न राहिलाय. आणि डिव्हएक्स नावाचा काही प्रकार होता म्हणतात, तो यात बसतो का?

अधिक-उणे

डिव्हएक्स आधी, दोन ओळींत. (पुढे संगणकावर आलेल्या त्याच नावाच्या कोडेकशी, म्हणजे व्हिडिओ फाइल लहान करण्याच्या पद्धतीशी, याचा संबंध नाही.) अमेरिकेतली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी, १९९८. साडेचार डॉलरच्या आसपास डिस्क, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालणार, यंत्राला टेलिफोनची तार जोडायची म्हणजे हिशेब कंपनीला कळणार. गिऱ्हाईक चिडलं ते ठीक. पण मूळ दोष असा की फॉर्मॅटचा मालक एक दुकानदार होता. दुसरे दुकानदार स्पर्धकाचा माल आपल्या फळीवर कशाला लावतील? जून १९९९ मध्ये संपलं. तुमच्या 'वितरण' या शब्दाला याहून सोपं उदाहरण नाही.

आता भारत. व्हीसीडी विरुद्ध डीव्हीडी घ्या, पण ते भांडण नव्हतं हेच त्यातून शिकवा. व्हीसीडीचं प्रमाण १९९३ चं: साध्या सीडीवर ७४ मिनिटं, पालमध्ये चित्र ३५२ × २८८. दोन तासांच्या सिनेमाला दोन डिस्क, लांबलचक हिंदी सिनेमाला तीन. मराठी नाटकंही तशीच, अंक संपला की डिस्क बदला. चित्र ऐन धावपळीच्या दृश्यात चौकटी-चौकटींचं व्हायचं. तरी चाललं, कारण यंत्र स्वस्त आणि डिस्क स्वस्त. आणि डीव्हीडीचं यंत्र आलं तेही व्हीसीडी वाजवत होतं. जुनं कपाट फुकट जात नसेल तर माणसाला बाजू निवडावी लागत नाही.

इथे किमतीची एक खेळी झाली ती बघण्यासारखी. मोझर बेअर ही मुळात कोऱ्या डिस्क बनवणारी कंपनी. २००७ च्या सुमारास तिने सिनेमांच्या अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढल्या. निशाणा होता फुटपाथवरच्या चोरट्या डिस्कवर. पण त्या सहा रुपयांचा दुसराही अर्थ आहे: घरी डीव्हीडीचं यंत्र असलेल्या माणसाला व्हीसीडी घेण्याचं कारणच उरत नाही. 'अमुक फॉर्मॅट घ्या' अशी जाहिरात न करता लोकांना सरकवलं. हे जमलं कारण डिस्क छापायचा कारखाना त्यांचाच होता.

खडू-डस्टर

मास्तर, दोन तासांत बसवायचं तर एक सुचवतो. मुलांना 'गिऱ्हाईक' करू नका, मग 'मला चित्र चांगलं हवं' एवढंच बोलतात. चार गट करा: १९७७ चा आरसीएचा खरेदीप्रमुख, १९७८ चा थॉर्नचा भाडेविभाग, नोव्हेंबर २००७ चा एखादा तिसरा यंत्रनिर्माता, डिसेंबर २००७ चं वॉर्नर. प्रत्येक गटाला एक कागद, आणि त्यावर त्या तारखेपर्यंत ठाऊक असलेलंच. पुढचा एक शब्द नाही. वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटांत निर्णय, मग उरलेला वेळ वाद.

गडबड एकाच ठिकाणी होते: कोणीतरी फोनवर शोधून निकाल आधीच सांगून टाकतो. म्हणून कागदावर बीटा, ब्ल्यू-रे ही नावं लिहू नका. 'क' आणि 'ख' लिहा, आणि आकडे तेच ठेवा. थॉर्नच्या गटाला टेपवाल्यांचं ते ३ तास १५ मिनिटांचं गणित नक्की द्या. बहुतेक गट 'ख' (म्हणजे इथे बीटा) जास्त वेळ देतो म्हणून तोच घेतील. मग त्यांना विचारा, तुमच्या नावाचा बिल्ला लावून यंत्र कोण बनवून देणार आहे?

टेपवाला

एक भर: कागदावर टेपचे आकडे देताना पाल की एनटीएससी ते लिहा. नाहीतर आरसीएचा गट पालचे तास धरून बसेल आणि तुमचा अर्धा तास त्यातच जाईल.